छत्तिसावा रकाना

ड्राय फोर्कच्या कोर्टहाउसात, तळमजल्यावर,
गाड्यांच्या नंबरप्लेटी देतात त्या खिडकीला लागून
माझी खिडकी.
जन्म आणि मृत्यू, दोन्ही माझ्याकडेच.
फी वेगळी, शिक्का एकच.

मी वाशिमची. पंधरा वर्षं झाली टेक्सासात.
माणसं अजून माझं आडनाव वाचताना अडखळतात,
मी त्यांची घडाघड टाइप करते.
रकाने तर तोंडपाठ:
आईचं वय. हयात मुलं किती.
मागच्या बाळंतपणाची तारीख.
पहिली तपासणी कितव्या महिन्यात.

पेकान स्ट्रीटवर एक दवाखाना होता.
निळं दार, खिडकीत प्लास्टिकचं निवडुंग.
डार्ला ऑग्सबर्गर तिथे गोळ्यांची पाकिटं द्यायची,
तीन-तीन महिन्यांची,
कागदी पिशवीत, वाण्याच्या पुड्यांसारखी.
तांबीही बसवून मिळायची.
पैसे नसले तर, पुढच्या खेपेला दे, म्हणायची,
आणि पुढच्या खेपेला विसरायची.

मग ऑस्टिनमध्ये कुणीतरी एका यादीतली एक ओळ खोडली.
दार आठवड्यातून दोन दिवस उघडं,
मग एक,
मग दारावर चिठ्ठी, चिठ्ठीवर ऊन,
मग नुसतं ऊन.
पुढच्या वर्षी इस्पितळातला बाळंतिणींचा मजलाही मिटला.

मला कुणी काही सांगायला आलं नाही.
कागदच सांगत होते.
गठ्ठे जाड झाले.
दोन बाळंतपणांच्या तारखा एकमेकींना खेटू लागल्या,
तेरा महिने, अकरा महिने.
पहिली तपासणी: सातवा. आठवा.
एकीची: झालीच नाही.
जन्मस्थळ: लबक. लबक. लबक.
आणि एकदा, सुवाच्य अक्षरात,
हायवे, एक्केचाळिसाव्या मैलाजवळ.

ओरालिया मेंडिओला ऑगस्टमध्ये आली होती,
थोरल्याच्या शाळेसाठी दाखल्याची नक्कल हवी होती.
चपलांचे पट्टे सुटलेले, पावलं टम्म,
कपाळाला हात.
म्हणाली, ऊन फार आहे.
मी माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.
म्हटलं, कुणाला तरी दाखव गं.
ती हसली.
"कुणाला?"

मी पुढचा नंबर पुकारला.

पाचव्या रात्री सटवाई येते म्हणतात,
बाळाच्या कपाळावर लिहून जाते.
इथलं आधीच लिहून झालं होतं,
मे महिन्यात, बहुमताने.

ऑक्टोबरात एकाच आठवड्यात दोन कागद आले.
पहिल्यावर: मुलगी, वजन साडेचार पौंड.
दुसऱ्यावर: रक्तदाब, झटके.
खाली छत्तिसावा रकाना,
फक्त बायकांसाठी.
गरोदर नव्हती.
मृत्यूसमयी गरोदर होती.
मृत्यूपूर्वी बेचाळीस दिवसांच्या आत गरोदर होती.
बेचाळीस दिवस.
म्हणजे आपला सव्वा महिना, वर चार दिवस.
आमच्याकडे तेवढे दिवस बाळंतिणीला
उंबरठा ओलांडू देत नाहीत,
शेगडी, शेपा, डिंकाचे लाडू.
हिला नऊ मिळाले.
डॉक्टरने चौकटीत फुली मारली होती,
जरा रेषेबाहेर गेलेली.

मला छत्तीस हा आकडा लहानपणी जमायचा नाही.
तीन आणि सहा
एकमेकांकडे पाठ करून बसलेले,
मी ते हमखास समोरासमोर काढायची
आणि बाई ते खोडायच्या.

नवरा आला नक्कल घ्यायला,
नखांत अजून सरकीचा भुगा.
टोपली काउंटरवर ठेवली, आत पोर झोपलेली.
पोरीचं नावही ओरालियाच ठेवलंय.
म्हणून मी आईचं नाव दोनदा टाइप केलं,
आणि प्रिंटर दोन्ही वेळा तेवढाच कुरकुरला.
एकाच पाकिटात घालू का, विचारलं.
तो म्हणाला, हो.
मी दोन्ही कागद घातले, पाठीला पाठ.

पोरीने जांभई दिली.
त्याने पेन उचललं.

सही इथे, म्हटलं.
नाही,
ही दुसरीवर.